शोधकाचें स्मारक आणि स्थाननिश्चिति
(नांदेड, तालुका नागभीड, येथील धानाच्या वाणाच्या निमित्तानें)

झरी जामणीच्या बाजारांत उभ्या असलेल्या एखाद्या गृहस्थास "नांदेडास जावयाचें आहे, वाट कोणती?" असें विचारलें, तर तो निःशंकपणें दक्षिण-पश्चिमेकडे हात करील. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोंकाच्या तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते, जिल्ह्यास लागूनच नांदेड जिल्हा आहे, आणि नांदेड म्हणजे गोदातीरचें प्रसिद्ध शहर, हें त्याच्या दृष्टीनें सांगण्याचीहि गरज नाहीं. परंतु ज्या नांदेडाविषयीं हा लेख लिहिला आहे तें नेमकें उलट दिशेस, वर्धा नदी ओलांडून पूर्वेकडे गेल्यावर, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांत आहे. झरी जामणीचा मुलूख कापसाचा, तो धानाचा. गांव लहान. पण तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे (१९३९–२०१८) यांनीं निवडून काढलेला 'एच. एम. टी.' तांदूळ कापसाच्या मुलखांतल्याहि कित्येक घरीं रोज शिजतो. तांदूळ ठाऊक, शोधक ठाऊक नाहीं, आणि शोधकाचें गांव विचारावें तर माणूस शंभर कोस भलतीकडे जाईल, अशी ही स्थिति आहे.

अशा शोधकाचें स्मारक कोणत्या रीतीनें करावें हा प्रश्न मनांत घेऊन प्रस्तुत लेखकानें एका नव्या परदेशी प्रघाताचा विचार केला. त्या प्रघातास 'जिओकॅश' असें म्हणतात. वाचकांपैकीं पुष्कळांस हा शब्द अपरिचित असेल, म्हणून प्रथम त्याचें स्वरूप सांगतों.

जिओकॅश म्हणजे उघड्यावर, पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या सहज दृष्टीस न पडेल अशा जागीं ठेवलेली एक लहान, पाणी आंत न शिरणारी पेटी. तींत एक वही व शिसपेन्सिल असते. पेटी ठेवणारा तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करतो. ज्यास हौस असेल त्यानें हातांतील यंत्राच्या साह्यानें तेथवर जावें, पेटी हुडकावी, वहींत नांव व तारीख लिहावी आणि पेटी होती तशी जागेवर ठेवावी. पेटींत एखादी क्षुल्लक वस्तु असेल तर ती घ्यावयास हरकत नाहीं. मात्र तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी. कित्येक पेट्या नुसत्या करमणुकीच्या असतात. परंतु पुष्कळ पेट्या त्या त्या स्थळाशीं संबद्ध अशा व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ ठेवलेल्या असून, पेटीबरोबर प्रसिद्ध होणाऱ्या टिपणांत त्या व्यक्तीची हकीकत दिलेली असते. शोधून काढणाऱ्यास ती वाचल्यावांचून पुष्कळदां पेटीपर्यंत पोंचतांच येत नाहीं. स्मारक या दृष्टीनें या प्रघाताचें महत्त्व येथें आहे. चौकांतील पुतळ्याकडे न पाहतां मनुष्य शेंकडों वेळां जाऊं शकतो. पेटीकडे मात्र कोणी अजाणतां जात नाहीं.

स्थळ कसें सांगावें हा प्रश्न आमच्या संशोधकांस नवा नाहीं. ताम्रपटांतून दान दिलेल्या भूमीचें वर्णन चतुःसीमेनें होत असे: पूर्वेस अमुक गांव, दक्षिणेस अमुक ओढा, इत्यादि. वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याच्या चमक येथील ताम्रपटांत चर्मांक नांवाचें गांव भोजकट राज्यांत मधुनदीच्या तीरीं असल्याचें सांगितलें आहे. अचलपूरजवळचें चमक हेंच तें चर्मांक, असें आज आपण म्हणूं शकतों याचें कारण इतकेंच कीं, तें नांव झिजत झिजत कां होईना, दीड हजार वर्षें टिकलें. ज्या दानपत्रांतील गांवांचीं नांवें टिकलीं नाहींत तीं गांवें आज नकाशावर ठेवतां येत नाहींत. आणि एकाच नांवाचीं दोन गांवें निघालीं कीं पानेंच्या पानें वादांत खर्ची पडतात. दोन नांदेडांचा प्रश्न पुढील पिढ्यांस पडणारच नाहीं असें कोणी समजूं नये.

या अडचणीवर अक्षांश-रेखांशांचा उपाय फार जुना. पण हिंदुस्थानांत तो शास्त्रशुद्ध रीतीनें अंमलांत आणण्याचें काम १८०२ सालीं मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यानें सुरू केलें. सुमारें अर्धा टन वजनाचें कोनमापक यंत्र माणसांच्या खांद्यांवरून डोंगर-देवळांच्या माथ्यांवर चढवीत, त्रिकोणामागून त्रिकोण मोजीत, तो वीस वर्षें उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां जानेवारी १८२३ मध्यें हिंगणघाट येथें तो मरण पावला, व तेथेंच त्याचें दफन झालें. झरी जामणीच्या उत्तरेस, शेजारच्या वर्धा जिल्ह्यांतच, हें थडगें आहे. ज्यानें या देशांतील प्रत्येक स्थळास त्याचा आंकडा मिळवून देण्याचा पाया घातला, त्याच्या स्वतःच्या विसाव्याचें स्थळ आज थोड्यांसच ठाऊक असावें, ही गोष्ट चमत्कारिक खरी.

लॅम्टनच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यानें पृथ्वीच्या आकाराचें जें मान १८३० सालीं ठरविलें, त्यावर सर्व्हे खात्याचे जुने नकाशे आधारलेले आहेत. उपग्रहांच्या साह्यानें चालणारीं आजचीं यंत्रें निराळें मान वापरतात. यामुळें जुन्या नकाशावरून उतरून घेतलेले अंश-कला-विकला तसेच्या तसे आजच्या यंत्रांत घातल्यास विदर्भांत शंभर-दोनशें मीटरांचा फरक पडतो. जुन्या सर्व्हेच्या आधारें एखादी गढी किंवा शिलालेख शोधावयास निघणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. नाहीं तर शिलालेख नाहींसा झाला असा निष्कर्ष ते काढतील आणि शिलालेख शेजारच्या शेताच्या बांधावर स्वस्थ पडून असेल.

आतां उपग्रहांची रीत. अमेरिकेनें सोडलेले चोवीस किंवा त्याहून अधिक उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरत असतात. प्रत्येकांत अतिसूक्ष्म काळ मोजणारें अणुघड्याळ असतें, आणि तो आपली वेळ व आपलें स्थान सतत प्रक्षेपित करीत असतो. ती वार्ता आपल्या हातांतील यंत्रास पोंचावयास किती वेळ लागला हें कळलें, कीं प्रकाशाच्या वेगावरून अंतर निघतें. तीन उपग्रहांचीं अंतरें समजलीं म्हणजे स्थान ठरावयास पाहिजे; पण हातांतील यंत्राचें घड्याळ तितकें नेमकें नसतें, म्हणून ती चूक काढून टाकण्यास चौथा उपग्रह लागतो. एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटर फरक पडतो. सारांश, आज स्थळ शोधणें म्हणजे वास्तविक घड्याळें ताडून पाहणें होय. आणि ज्या तांदुळाची ही हकीकत आहे त्याचें नांवहि एका मनगटी घड्याळावरून पडलें! हा केवळ योगायोग; पण लिहितांना हंसूं आल्यावांचून राहिलें नाहीं.

ही व्यवस्था मुळांत लष्करी. सामान्य लोकांस मिळणाऱ्या वार्तेंत मुद्दाम दोष मिसळला जात असल्यानें चूक शंभर मीटरांपर्यंत जाई. मे २००० च्या आरंभीं अमेरिकन सरकारनें हा दोष काढून टाकला, व एका रात्रींत चूक दहा-वीस मीटरांवर आली. लागलीच, ३ मे २००० रोजीं, डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें ऑरेगन प्रांतांत बीव्हरक्रीक गांवाजवळच्या रानांत एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. बादलींत वही-पेन्सिल, कांहीं पुस्तकें, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबा असा संसार होता. तीन दिवसांच्या आंत दोघांनीं ती हुडकून वहींत नांवें घातलीं. त्याच महिन्याच्या अखेरीस 'जिओकॅशिंग' हा शब्द बनला. मूळ जागेवर पुढें स्मारकाची पाटीहि बसली. मात्र कल्पनेचें मूळ याहून जुनें आहे. इंग्लंडांत डार्टमूर नांवाच्या ओसाड माळावर १८५४ सालीं जेम्स पेरट या वाटाड्यानें एका दुर्गम जागीं बाटली ठेवून दिली होती, आणि तेथवर पोंचणारे प्रवासी तींत आपलीं नांवाचीं कार्डें टाकीत.

आतां दादाजींची हकीकत. त्यांचें शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, आणि जमीन दीड एकराच्या आसपास. त्यांनीं स्वतः सांगितलेली व पुढें राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानें नमूद केलेली हकीकत अशी कीं, १९८३ सालीं 'पटेल ३०००' या वाणाच्या बांधींत त्यांस कांहीं लोंब्या बाकीच्यांहून निराळ्या, पिवळसर दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या काढून जपून ठेवल्या. पुढील हंगामीं तें मूठभर बी बांधीच्या मध्यभागीं लावून, रानडुकरें येऊं नयेत म्हणून भोंवतीं कांटेरी झुडपें रोविलीं. दरवर्षीं निवड, दरवर्षीं लावण. असें चार-पांच हंगाम गेल्यावर दाणा बारीक, शिजल्यावर चवीस उत्तम आणि उत्पन्नास चांगलें असें बियाणें हातीं आलें. १९९० च्या सुमारास त्या भागांतील एका मोठ्या शेतकऱ्यानें तें विकत घेऊन चार एकरांत पेरलें. माल तळोधीच्या व्यापाऱ्यांकडे गेला, आणि वाणास नांव नाहीं असें पाहून त्यांनीं त्या काळीं लोकप्रिय असलेल्या घड्याळाचें नांव त्यास देऊन टाकलें. तें नांव चिकटलें. घड्याळाचा कारखाना पुढें २०१६ सालीं बंद झाला. तांदूळ बाजारांत आहे.

तिसरी शिकलेल्या मनुष्यास हें कसें साधलें, असें आश्चर्य करणारांस धानाचा स्वभाव ठाऊक नसतो. धानाच्या फुलाचें फलन बहुतेक स्वतःच्याच परागानें होतें; परक्या परागाचा संबंध शेंकडा एकाहूनहि कमी. म्हणून निसर्गतः झालेला एखादा बदल, अथवा क्वचित् घडलेला संकर, पिढ्यान्पिढ्या वेगळा लावून निवडीत गेलें असतां स्थिर होतो. त्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. लागते ती पाहणारी दृष्टि व चिकाटी. हजारों शेतकऱ्यांच्या बांध्यांत अशा वेगळ्या लोंब्या निघाल्या असतील व मळणींत मिसळून गेल्या असतील. ज्यानें एक वेगळी काढली, आणि दीड एकरांतली जागा पांच वर्षें तिच्यासाठीं अडवून धरली, तो शोधक. दीड एकरवाल्यास ती जागा किती महाग पडते हें सांगावयास नको.

वादाचा भाग येथून पुढें आहे. १९९४ सालीं पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्रानें दादाजींकडून पांच किलो बियाणें प्रयोगार्थ नेलें. १९९८ सालीं विद्यापीठानें 'पी. के. व्ही. एच. एम. टी.' हें वाण प्रसृत केलें. दादाजींचें म्हणणें असें कीं, वाण आपलें असून श्रेय दुसऱ्याकडे गेलें. विद्यापीठाच्या बाजूनें असें सांगण्यांत आलें कीं, मूळ बियाणें मिश्र होतें, तें शास्त्रीय रीतीनें शुद्ध करून स्थिर केलें. दोन्ही बाजू नीट वाचल्या असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते: बियाणें दादाजींकडून आलें, याबद्दल दोघांत मतभेद नाहीं. मतभेद आहे तो शुद्धीकरणानें वाण 'नवें' होतें कीं काय, या प्रश्नावर. पोथीची शुद्ध प्रत तयार करणारा संपादक ग्रंथकर्ता होत नाहीं हें संशोधन करणारांस तरी समजावून सांगावयास नको. तथापि संपादनाचे श्रम लटके, असेंहि कोणी म्हणूं नये. प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, विद्यापीठाच्या वाणाच्या नांवांतच 'एच. एम. टी.' हीं तीन अक्षरें राहिलीं, हा मूळ कर्तृत्वाचा आपोआप राहून गेलेला पुरावा होय. व्यापाऱ्यांनीं दिलेलें नांव त्यांनीं बदललें असतें तर दादाजींचें म्हणणें सिद्ध करणें अधिक कठीण झालें असतें.

कायद्याचाहि आधार त्या वेळीं नव्हता. हिंदी पेटंट कायद्यानें शेतीच्या पद्धति १९७० पासूनच पेटंटाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत, आणि शेतकऱ्यास वाणाचा निर्माता म्हणून ओळखणारा वाणसंरक्षण व शेतकरी हक्कांचा कायदा २००१ सालीं झाला. म्हणजे १९८३ पासून १९९८ पर्यंत जें घडलें तें सर्व कायद्याच्या कागदाबाहेर घडलें. पुढें मान्यता मिळाली: २००५ सालीं राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें पारितोषिक, २०१० सालीं 'फोर्ब्स' नियतकालिकाच्या यादींत नांव. 'नांदेड चिन्नूर', 'नांदेड हिरा', 'विजय नांदेड', 'डी. आर. के.' अशीं इतरहि वाणें त्यांनीं काढलीं. त्यांपैकीं तिहींत गांवाचें नांव आहे आणि एकांत स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें. पहिल्या वाणास नांव देण्याची संधि हुकली ती त्यांनीं पुढच्या वाणांच्या वेळीं घालविली नाहीं. परंतु मान्यतेनें दारिद्र्य गेलें नाहीं. अखेरच्या दिवसांत ते पक्षाघातानें अंथरुणास खिळले होते, आणि ३ जून २०१८ रोजीं गडचिरोली जिल्ह्यांतील शोधग्राम येथें त्यांचें देहावसान झालें.

स्मारक करतांना पुराव्याचा हा प्रश्न कां महत्त्वाचा, तें दुसऱ्या दोन शोधकांच्या उदाहरणावरून कळेल. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचा जन्म मुंबईस व मृत्यु न्यूयॉर्क येथें झाला. दादाभाई नौरोजींनीं त्यांस विलायतेंत हात दिला. छापखान्याचे खिळे ओतण्याच्या यंत्रांत त्यांनीं केलेल्या सुधारणांचीं पेटंटें आजहि काढून पाहतां येतात. भिशांचें स्मारक करणारास कागद भरपूर, फक्त लोकांस त्यांचें विस्मरण झालें आहे. याच्या नेमकें उलट शिवकर बापूजी तळपदे यांचें. १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर त्यांनीं विमान उडविलें अशी कथा घरोघर पसरली आहे, तिच्यावर २०१५ सालीं चित्रपटहि निघाला. पण त्या उड्डाणाला समकालीन व विश्वसनीय असा आधार पुढें आलेला नाहीं. ज्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाचा या कथेशीं संबंध जोडतात, तो विसाव्या शतकाच्या आरंभीं सांगून लिहविलेला असून त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत, असा निर्णय बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंतील पांच शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं सकारण दिला. तळपदे यांनीं परिश्रम केले नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, चौपाटीवर उड्डाणाची पाटी लावणारा मनुष्य त्यांचा गौरव करीत नसून पुढील संशोधकाच्या डोळ्यांत धूळ टाकीत असतो.

दादाजी या दोघांच्या मध्यें आहेत. शोध निर्विवाद, कारण तो बाजारांत तोलून मिळतो. पण आरंभीच्या वर्षांचा कागद थोडा, आणि हकीकत बहुतांशीं त्यांच्याच तोंडची. तेव्हां त्यांच्या नांवें पेटी ठेवावयाची झाल्यास तिच्या टिपणांत दोहों बाजूंस मान्य असलेला मजकूर व वादग्रस्त मजकूर हे वेगवेगळे लिहावे, आणि कोणती गोष्ट कोणाच्या सांगण्यावरून आली हें ज्या त्या ठिकाणीं नमूद करावें. तसें केल्यास टिपण चार ओळींनीं लांबेल, पण त्यावर पुढें कोणी आक्षेप घेणार नाहीं.

जागा कोणती? पहिला विचार मनांत येतो तो ज्या बांधींत त्या लोंब्या सांपडल्या त्या बांधीचा. परंतु बांधी खाजगी. पावसाळ्यांत ती गुडघाभर पाण्यांत आणि रोवणीनंतर तेथें परक्याचें पाऊल म्हणजे पिकाचें नुकसान. घराजवळ ठेवावी तर घरच्या माणसांस उपद्रव. सबब, ग्रामपंचायतीच्या लेखी संमतीनें गांवच्या सार्वजनिक जागीं, रस्त्यालगत ठेवणें हेंच योग्य. त्या बाजूच्या रानांत वाघांचा वावर मोठा असल्यानें, शोधणारास झुडपांत शिरावें लागेल अशी जागा तर मुळींच नको. पोलिसांसहि आधीं कळविलेलें बरें. इंग्लंडांत वेदरबी गांवीं २०११ सालीं अशीच एक पेटी बाँब समजून पोलिसांनीं उडवून दिली. मग शेजारीं गडचिरोलीसारखा जिल्हा असतां बेवारशी डब्याकडे लोकांनीं कोणत्या दृष्टीनें पाहावें?

पेटी जमिनींत पुरूं नये, असा या प्रघाताचा मूळचाच नियम आहे. आमच्याकडे त्यास आणखी सबळ कारण आहे. "अमुक ठिकाणीं कांहीं तरी लपविलें आहे" एवढी वार्ता कानीं गेली कीं गुप्तधनवाले कुदळ-फावडें घेऊन निघतात, हा अनुभव कोणत्या जिल्ह्यास नाहीं? त्यांच्या हातून किती गढ्यांच्या भिंती व देवळांचीं जोतीं गेलीं त्याची गणती नाहीं. शिवाय १८७८ च्या निखातनिधि कायद्यान्वयें जमिनींत दडविलेली दहा रुपयांवरील किंमतीची वस्तु सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी लागते. तेव्हां पुरलेल्या पेटीनें विनाकारण कचेरीचे हेलपाटे उत्पन्न व्हावयाचे. याच कारणास्तव संरक्षित स्मारकाच्या आवारांत किंवा किल्ल्याच्या भिंतीच्या फटींत अशी पेटी ठेवणें सर्वथा वर्ज्य समजावें. पेटींत धानाच्या लोंब्या ठेवाव्या असें कोणासहि सुचेल, परंतु तेंहि नको. खाण्याची वस्तु पेटींत ठेवूं नये असाच नियम असून, उंदीर-घुशींस तो समजावून सांगतां येत नाहीं. पूर्व विदर्भाचा पाऊस लक्षांत घेतां वहीसुद्धां जाड कागदाची व दुहेरी पिशवींतली असावी, आणि गांवांतील कोणी तरी तिची वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं व दिवाळीनंतर, तपासणी करण्याचें पत्करावें. ज्याच्याकडे कोणी बघत नाहीं तें स्मारक कचरा होतें.

इतिहासाच्या अभ्यासकांस आवडावी अशी या प्रघातांतील एक गोष्ट राहिली. कांहीं पेट्यांचे खरे अक्षांश-रेखांश उघड दिलेले नसतात. प्रश्नांचीं उत्तरें काढून ते जुळवावे लागतात. या खेळांत अंश आणि कला देऊन कलेचे सहस्रांश लिहिण्याची रीत आहे. झरी जामणी काय किंवा नागभीड काय, वीस अंशांच्या अलीकडे-पलीकडे, अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारें १८४५ मीटर आणि रेखांशाची सुमारें १७४० मीटर. अर्थात् सहस्रांश म्हणजे पावणेदोन मीटरांच्या आसपास. आतां समजा, सहस्रांशांचे तीन आंकडे १९८३, १९९४ व १९९८ या सनांच्या शेवटच्या आंकड्यांवरून घ्यावयाचे ठरविले: लोंब्या सांपडल्या त्या सनाचा ३, बियाणें नेलें त्या सनाचा ४, वाण प्रसृत झालें त्या सनाचा ८; म्हणजे ३४८. शेवटच्या सनांत एका वर्षाची चूक केली तर मनुष्य दोन पावलें चुकेल व इकडे तिकडे पाहून सांवरेल. मधल्यांत केली तर अठरा मीटर. पण लोंब्या सांपडल्याचाच सन चुकला तर तो जवळ जवळ दोनशें मीटर भलतीकडे जाऊन रिकाम्या हातानें परत येईल. शकाचा आंकडा चुकल्यानें आमच्या कित्येक विद्वानांचें याहून अधिक नुकसान झालें नाहीं, उलट कांहींचा सत्कार झाला. येथें चुकीची शिक्षा उन्हांत उभें राहून तत्काळ भोगावी लागते.

हीं तीन सालें निरनिराळ्या योग्यतेच्या पुराव्यावर उभीं आहेत हें मात्र टिपणांत लिहिलेंच पाहिजे. १९९८ हें साल वाण प्रसृत होण्याचें, म्हणून सरकारी दप्तरांतलें. १९९४ चें साल वादांत दोन्ही बाजूंनीं गृहीत धरलेलें. १९८३ चें साल दादाजींच्या स्मरणांतलें. स्मरणांतलें म्हणून तें टाकाऊ ठरत नाहीं. स्वतःच्या बांधींतल्या पिकाचा हंगाम शेतकरी सहसा विसरत नाहीं. पण त्यास बाहेरचा दुजोरा मिळाला तर हवाच आहे, आणि तो मिळण्याचा संभव ज्या ठिकाणीं आहे तें ठिकाण सरकारी कचेरी नव्हे. तें म्हणजे तळोधी, नागभीड व सिंदेवाही येथील धानाच्या अडत्यांच्या आणि गिरणीवाल्यांच्या वह्या. १९८५ ते १९९२ या सालांतील कोणत्याहि रोजमेळांत अथवा खतावणींत 'पटेल', 'चिन्नूर' या जुन्या नांवांच्या खालीं 'एच. एम. टी.' हीं अक्षरें प्रथम ज्या दिवशीं उमटलीं, ती नोंद त्या वाणाची खरी जन्मपत्रिका होय. दिवाळींत नव्या वह्यांची पूजा होते आणि जुन्या वह्या रद्दींत जातात. ज्या कुटुंबांत त्या काळच्या वह्या अद्यापि माळ्यावर पडल्या असतील, त्यांनीं त्या विकण्यापूर्वीं एकदां उघडून पाहाव्या, आणि अशी नोंद आढळल्यास तिची तारीख, पोत्यांची संख्या व भाव उतरून ठेवून तें पान जपावें.